घरच्या उंबऱ्यावरचे दुखणे

शनिवार उजाडला की मुंबई-पुण्याच्या मोटारी कर्जत-खालापूरच्या वाटेला लागतात. द्रुतगती मार्ग सोडून आत वळले की शेतघरांच्या आणि योगशिबिरांच्या पाट्या दिसू लागतात, आणि आठवडाभर कचेरीने पिळून काढलेला पांढरपेशा गृहस्थ दोन दिवसांची मनःशांती विकत घेऊन रविवारी रात्री पुन्हा टोलनाक्याच्या रांगेत उभा राहतो. त्यात काही गैर आहे असे आम्ही म्हणत नाही. थकल्या मनाला डोंगर आणि पाऊस हवाच असतो. परंतु याच कर्जत तालुक्यात, वेणगावी, मनाच्या दुखण्याचे एक निराळे घर आहे. त्याची आठवण या प्रवाशांपैकी किती जणांना होत असेल, याची आम्हांस शंका आहे.

डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याच्या 'श्रद्धा' संस्थेचे हे पुनर्वसन केंद्र २००६ सालापासून येथे चालू आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांस आणावे, औषधोपचार करावेत, आणि शुद्धीवर येऊन त्यांनी गावाचे नाव सांगितले की घरी पोहोचवावे, हे तेथील काम. या कार्यासाठी २०१८ साली डॉ. भरत वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तोपर्यंत अशा सात हजारांहून अधिक रुग्णांवर संस्थेने उपचार केले होते. या कामाचा प्रारंभ १९८८ च्या सुमारास झाला. जटा वाढलेला एक तरुण नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिताना या दांपत्याने पाहिला. उपचारानंतर कळले की तो शास्त्र शाखेचा पदवीधर होता.

पदवीधर माणूस गटारापर्यंत पोहोचतो कसा? आमच्या मते ती वाट रस्त्यावर नव्हे, घरातच सुरू होते. आम्ही शाळेत शिकवीत असतानाची गोष्ट आहे. वर्गातील एक हुशार मुलगा हळूहळू अबोल झाला, पाठीमागे कोणी आपल्याला नावे ठेवतो असे म्हणू लागला, आणि मग शाळेत येईनासा झाला. चौकशीस गेलो तेव्हा वडील म्हणाले, "मामाकडे गेला आहे, हवापालटासाठी." आतल्या खोलीचे दार बंद होते आणि आतून बोलण्याचा आवाज येत होता. आम्ही चहा घेतला आणि परत आलो. धाकट्या बहिणीचे लग्न ठरत होते, एवढे आम्हांसही ठाऊक होते. तो मुलगा पुढे शाळेत आला नाही. त्या वेळी दार उघडा म्हणण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही, हे येथे नमूद केलेले बरे.

मधुमेहाच्या गोळ्या आपण जेवणाच्या ताटाशेजारी चारचौघांत ठेवतो. मनाच्या गोळ्या कपाटात साड्यांखाली जातात. कोणी विक्षिप्त वागला की त्याला "ठाण्याला पाठवा" असे म्हणून आपण हसतो. त्या थट्टेची किंमत असा आजार असलेल्या घराला मोजावी लागते, कारण तेथे मग डॉक्टरांचे नावही कुजबुजत घेतले जाते. छिन्नमनस्कतेसारख्या आजारात औषधाने माणूस सावरतो, आणि नेमके तेव्हाच "आता बरा झाला" म्हणून गोळ्या बंद होतात. आजार उलटतो, आणि एखाद्या रात्री माणूस निघून जातो. कोणत्या गाडीत बसला, हे त्यालाही सांगता येत नाही.

रस्त्यावर असा मनुष्य दिसला तर करावे काय, असा प्रश्न वाचक विचारतील. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे १०० वे कलम त्याचे उत्तर देते. जो मनोरुग्ण दिसतो आणि स्वतःची काळजी घेऊ शकत नाही, अशा भटक्या माणसास संरक्षण देणे हे त्या हद्दीतील पोलीस अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. त्यास २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात नेले पाहिजे, कोठडीत डांबता कामा नये, आणि घरच्यांचा शोध घेतला पाहिजे. ठाण्यात जाऊन हे कलम दाखविण्यास कोणासही वकील लागत नाही. घरातल्या माणसाविषयी शंका आली तर १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर बोलता येते, आणि नावही सांगावे लागत नाही.

राहिला प्रश्न घरी परतलेल्यांचा. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. रायगडात एकही नाही. खालापूरच्या एखाद्या वाडीतील बाईला मुलाच्या महिन्याच्या गोळ्यांसाठी मजुरी बुडवून ठाणे गाठावे लागणार असेल, तर त्या गोळ्या तिसऱ्या महिन्यात थांबतील. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी बसतो आणि कोणती औषधे शिल्लक आहेत, याचा फलक आरोग्य खात्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावा, आणि तो दरमहा बदलावा, अशी आमची मागणी आहे.