शय्याव्रण : दोष कोणाचा?

वृद्धाश्रम पाहावयास येणारे पाहुणे बहुधा बाग, प्रार्थनेची खोली आणि देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी पाहून समाधानाने परततात. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची पाठ पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. वास्तविक संस्थेची परीक्षा तेथेच आहे. माकडहाडावर, खुब्यावर, टाचेवर कातडी अभंग असेल तर सेवा चालू आहे असे समजावे. खाटेमागून खाटेवर शय्याव्रण आढळू लागले तर बाकीची सजावट व्यर्थ होय.

हा व्रण जंतूंपासून सुरू होत नाही. माणूस एकाच कुशीवर तासन्‌तास पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपले जाते, त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते मरू लागते. प्रथम कातडीवर लाली येते; बोटाने दाबूनही ती फिकी पडली नाही तर ती धोक्याची सूचना होय. सावळ्या अंगावर लाली सहज दिसत नाही. तेथे हात लावून ऊब आणि कठीणपणा ओळखावा लागतो. दुर्लक्ष झाले तर जखम हाडापर्यंत पोचते, प्राणावरही बेतते. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा घामाने भिजून रेक्झिनला चिकटलेली कातडी अधिकच लवकर सोलते.

उपाय महाग नाहीत. दर दोन तासांनी कूस बदलावी हा रूढ नियम. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवावी. ओले अंथरूण तत्काळ बदलावे. आहारात डाळ, दूध, अंडी असावीत. लाल झालेली जागा चोळू नये. जखम झालीच तर ती मिठाच्या निर्जंतुक पाण्याने धुवावी, मेलेले मांस डॉक्टरांकडून काढून घ्यावे आणि त्या जागेवर भार पडू देऊ नये. भार कायम राहिला तर कोणतेही मलम कामाचे नाही. हवेच्या गादीचा उपयोग होतो, पण ती माणसाच्या हातांची जागा घेत नाही.

आणि प्रश्न येथेच, या हातांपाशी येऊन ठेपतो. शय्याव्रण हा बहुधा रोगाचा नव्हे, शुश्रूषेचा दोष असतो, असे मत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालीच मांडले. पण शुश्रूषा म्हणजे एकटी आया नव्हे. खिळलेले २० वृद्ध आहेत असे धरू. आठ तासांच्या रात्रपाळीत चार फेऱ्या, म्हणजे ८० वेळा कूस बदलणे आले. दर वेळी दोघींना पाच मिनिटे लागली तरी ६ तास ४० मिनिटे त्यातच जातात. धुणेपुसणे, पाणी पाजणे निराळेच. तेथे एकच आया ठेवायची आणि सकाळी जखमेचा जाब तिलाच विचारायचा, हा कोठला न्याय? काही मरणासन्न रुग्णांत सर्व काळजी घेऊनही व्रण पडतात, हे खरे. परंतु बहुसंख्य व्रण हे न नेमलेल्या माणसांचा हिशेब असतात.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी आश्रम उभारण्याचा अधिकार राज्य शासनाला दिला. बंधन मात्र घातले नाही. ही पळवाट बुजवलीच पाहिजे. शिवाय केवळ इमारत पुरेशी नाही. रात्रपाळीत किती रुग्णांमागे किती सेविका असाव्यात हे ठरले पाहिजे, त्यांना प्रशिक्षण आणि किमान वेतन मिळाले पाहिजे, आणि मेडिकल व मेयो या नागपुरातील शासकीय रुग्णालयांतील परिचारिकांच्या नियमित भेटी वृद्धाश्रमांना मिळाल्या पाहिजेत.

कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी १९२१ साली याच नागपुरात मातृसेवा संघ स्थापन केला, तेव्हा सुईणीचे काम हलके मानले जात असे. त्या कामाला शिक्षण आणि प्रतिष्ठा देता येते हे त्यांनी दाखवून दिले. म्हाताऱ्या माणसाची कूस बदलणाऱ्या हातांना ती प्रतिष्ठा अद्याप लाभावयाची आहे. वृद्धाश्रमात फळे वाटण्यास जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी यापुढे एक प्रश्न अवश्य विचारावा : येथे रात्री किती जणी असतात?