विश्लेषण : उर्दू ‘कळते’, पण वाचता का येत नाही?

गझलेला दाद देता येते, मालिकेतले संवाद समजतात, मुळाक्षरेही शिकून झालेली असतात. तरीही उर्दू वर्तमानपत्र उघडले की दुसऱ्याच ओळीवर गाडी अडते. मोबाइलवर उर्दू शिकणारे अनेक जण याच टप्प्यावर देवनागरीकडे परततात. सोपी वाटणारी ही वाटच पुढची प्रगती रोखते.

अडचण नेमकी कुठे?

उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. अलिफ आणि सीन या दोन अक्षरांचे ‘इस’ही होते आणि ‘उस’ही. मीम, लाम, काफ या तीन अक्षरांत मुल्क (देश), मलिक (राजा), मिल्क (मालमत्ता) आणि मलक (देवदूत) असे चार शब्द दडलेले असतात. कोणता घ्यायचा, हे वाक्य ठरवते. म्हणजे नुसती अक्षरओळख पुरत नाही. शब्द आधी ओळखीचा असावा लागतो.

मग देवनागरीतच का वाचू नये?

‘रेख्ता’सारख्या संकेतस्थळावर एकच गझल उर्दू, देवनागरी आणि रोमन लिपीत मिळते. ही सोय मोठी आहे. भाषा आधी कानाची, हा युक्तिवादही खोटा नाही. पण देवनागरीत ‘ज़’ एकच, उर्दूत चार : ज़ाल, ज़े, ज़्वाद आणि ज़ोय. उच्चार एकच असल्याने चार अक्षरे हे ओझे वाटते. प्रत्यक्षात ती शब्दांची कुळे सांगतात. पाहण्याची ‘नज़र’ ज़ोयने लिहितात. मंज़र (दृश्य), इंतिज़ार (प्रतीक्षा) हे त्याच धातूचे. आपल्या न्यायालयातला ‘नाझर’ही त्याच घरातला. नजराण्यातली ‘नज़्र’ मात्र ज़ालने लिहितात. तिचा पाहण्याशी संबंध नाही. एक धातू कळला की पाच-सहा शब्द हाती लागतात. देवनागरीत हा धागाच दिसत नाही.

मराठी वाचकाला फायदा किती?

भरपूर. अर्ज, तारीख, जमीन, फिर्याद, मंजूर हे शब्द आपल्याकडे आहेतच. मात्र सावधही राहायला हवे. आपण प्रयत्नांची ‘शिकस्त’ करतो. उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव. आपला ‘खुलासा’ म्हणजे स्पष्टीकरण, उर्दूतला सारांश. आपली ‘तालीम’ आखाड्यात किंवा नाटकाआधी होते, उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. आणि ‘राज़ीनामा’ म्हणजे तडजोडीचा लेख. पद सोडण्यासाठी ‘इस्तीफ़ा’ द्यावा लागतो.

एवढा खटाटोप कशासाठी?

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे ७५ लाख लोकांची मातृभाषा उर्दू आहे. तरीही अकोला जिल्ह्यातील पातूर नगर परिषदेच्या इमारतीवरील उर्दू फलकाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. भाषा म्हणजे धर्म नव्हे, उर्दू याच भूमीत जन्मली, असे न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये स्पष्ट केले. त्याआधी २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा निजामकालीन उर्दू आणि मोडी कागद वाचू शकणाऱ्यांची गरज भासली. आपल्याच आजोबा-पणजोबांच्या नोंदी, पण वाचायला दुसऱ्याचे डोळे! शेरोशायरीपुरती उर्दू या कामी येत नाही.

मग करायचे काय?

रोज उर्दू लिपीतली दहा ओळींची एक बातमी वाचावी. आदल्या दिवशी मराठीत वाचलेल्या घटनेचीच निवडली, तर संदर्भ माहीत असल्याने न लिहिलेले स्वर आपसूक भरता येतात. अडलेला शब्द आधी ताडावा, मगच शब्दकोश उघडावा. वहीत सुटे शब्द न लिहिता एका धातूचे शब्द एका पानावर लिहावेत. गझल देवनागरीत वाचायचीच असेल, तर आधी मूळ लिपीत प्रयत्न करावा आणि देवनागरी फक्त पडताळ्यासाठी ठेवावी. सुरुवातीला दहा ओळींना अर्धा तास लागेल, आणि तो द्यायला हवा. कुबडी सोडल्याशिवाय चाल सुधारत नाही.