रकाना कोण भरतो? संशोधनाचा मेटाडेटा हा चळवळीचाच प्रश्न आहे

दरवर्षी ७ नोव्हेंबरला आपण विद्यार्थी दिवस साजरा करतो. साताऱ्याच्या राजवाड्यातील सरकारी हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचा इंग्रजी पहिलीत प्रवेश झाला. रजिस्टरमध्ये क्रमांक १९१४, नाव 'भिवा रामजी आंबेडकर' आणि समोर त्या बालविद्यार्थ्याची सही. २०१७ मध्ये राज्य सरकारने हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला. आता हार पडतात, भाषणे होतात. पण हा दिवस आपल्या हाती आला तो एका नोंदीमुळे, हे क्वचितच कोणी बोलते. नाव, क्रमांक, तारीख, इयत्ता, सही. हे रकाने कोणी भरले नसते किंवा ते रजिस्टर रद्दीत गेले असते, तर आपल्याकडे आठवण राहिली असती, पुरावा राहिला नसता. आणि ज्यांच्याकडे पुरावा नाही त्यांचा इतिहास या देशात किती सहज पुसला जातो, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

आज त्या रजिस्टरची जागा संगणकातल्या नोंदींनी घेतली आहे. संशोधनाच्या जगात या नोंदींना मेटाडेटा म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे : माहितीविषयीची माहिती. प्रबंध कोणाचा, कशावर, कोणत्या भाषेत, कोणाच्या मार्गदर्शनाखाली, कधी पूर्ण झाला, त्यात कोणत्या लोकांविषयी लिहिले आहे आणि ती माहिती कोणत्या संमतीने घेतली आहे. प्रबंध तीनशे पानांचा असो की हजार पानांचा, जगाला आधी दिसतात ते हे आठ-दहा रकाने. रकाना चुकला की प्रबंध असून नसल्यासारखा.

हा प्रश्न फक्त ग्रंथपालांचा आणि संगणकवाल्यांचा आहे, असे आपल्याकडे समजले जाते. ही समजूत सोडली पाहिजे.

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. साताऱ्यात आता कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाचे विद्यापीठही उभे राहिले आहे. या भागातली पोरे-पोरी पीएच.डी. करतात आणि त्यांचे प्रबंध 'शोधगंगा' या राष्ट्रीय भांडारात जातात. हे भांडार गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र चालवते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांत आणि पुन्हा २०१६ च्या नियमांत प्रबंधाची डिजिटल प्रत जमा करणे बंधनकारक केले. त्यामुळे ज्या प्रबंधाची एक प्रत विद्यापीठाच्या कपाटात आणि एक मार्गदर्शकाच्या घरी धूळ खात पडायची, तो आता जगात कुठूनही, फुकट वाचता येतो. खेड्यातल्या पहिल्या पिढीच्या संशोधकासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, ती नाकारू नये.

पण शोधगंगेवर एखाद्या प्रबंधाचे पान उघडून बघा. शीर्षक, संशोधक, मार्गदर्शक, कीवर्ड, विद्यापीठ, पूर्ण झाल्याची तारीख, गोषवारा. खाली एकेका प्रकरणाची वेगळी पीडीएफ. आता कीवर्डचा रकाना वाचा. पुष्कळदा तिथे नुसते 'कला आणि मानव्यविद्या', 'साहित्य' असे ढोबळ शब्द सापडतील. प्रबंध असेल दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर, वतनी जमिनींवर किंवा आटपाडीच्या दुष्काळावर. रकाना मात्र त्याविषयी काही बोलत नाही.

त्यातून मराठी प्रबंधांची वेगळीच गत. शीर्षक पुष्कळदा रोमन लिपीत लिहिलेले असते आणि रोमन लिपीत मराठी कशी लिहायची याचा एक नियम नाही. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे घ्या. वाळवा तालुक्यातला हा माणूस, १ ऑगस्ट १९२० चा जन्म, शाळेत दीड दिवस गेला असे सांगतात, आणि त्याच्या साहित्यावर आज विद्यापीठांतून प्रबंध होतात. पण त्यांचे नाव कोणी 'अण्णाभाऊ' जोडून लिहितो, कोणी 'अण्णा भाऊ' तोडून, कोणी 'आण्णाभाऊ'. रोमन लिपीत त्याचे आणखी चार प्रकार. यंत्राला हे सगळे वेगवेगळे लोक वाटतात. एका प्रकाराने शोधले की बाकीचे प्रबंध दिसत नाहीत. मग नवा संशोधक पहिल्याच पानावर लिहितो, 'या विषयावर फारसे संशोधन झालेले नाही.' झालेले असते. आपल्याच एखाद्या भावाने वा बहिणीने पाच वर्षे रक्त आटवून केलेले असते. ते सापडत नाही, एवढेच.

यावर कोणी म्हणेल, प्रबंधाच्या आत शोधता येईल की. इथेच मराठीची खरी मेख आहे. वर्षानुवर्षे मराठी प्रबंध श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाइप झाले. हे फाँट युनिकोड नव्हते. डोळ्याला मराठी दिसते, पण यंत्राला त्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. जुने प्रबंध तर स्कॅन केलेली चित्रेच आहेत. इंग्रजी प्रबंधाच्या पोटातला शब्द न् शब्द शोधता येतो. मराठी प्रबंधाला बाहेरचा रकाना हे एकच दार आहे, आणि तेच आपण उघडे ठेवत नाही. यात नुकसान कोणाचे? ज्याच्याकडे इंग्रजी आहे, ओळखी आहेत, परिषदांना जायला पैसा आहे, त्याचे काम या रकान्याशिवायही पोचते. ज्याच्याकडे फक्त काम आहे, त्याचे काम रकान्यावाचून अडते.

आता दुसरी बाजू. आपण संशोधक असतो तशी आपली वस्ती दुसऱ्यांच्या संशोधनाचा विषयही असते. तिथे प्रश्न येतो : रकान्यात आपल्याला काय नाव दिले जाते आणि ते कोण ठरवते?

सांगलीचेच उदाहरण. संग्राम ही संस्था १९९२ पासून तिथे काम करते आहे. त्या कामातून १९९६ मध्ये देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची स्वतःची संघटना, वेश्या अन्याय मुक्ती परिषद, उभी राहिली. सरकारच्या एचआयव्ही कार्यक्रमाच्या कागदपत्रांत या स्त्रियांचा रकाना 'उच्च जोखीम गट'. एका रकान्याने माणसाची जोखीम केली. त्याच स्त्रियांनी स्वतःला नाव दिले ते अन्याय आणि मुक्ती या शब्दांसह. पहिले नाव त्यांच्यापासून समाजाला असलेला धोका मोजते, दुसरे नाव समाजाने त्यांच्यावर केलेला अन्याय मोजते. लेबल बदलले की प्रश्न बदलतो, प्रश्न बदलला की संशोधन बदलते आणि शेवटी सरकारचा पैसाही वेगळ्या ठिकाणी जातो.

रकान्याची ताकद आपण बौद्धांनी तर अंगावर अनुभवली आहे. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध होते अडीच हजारांच्या आसपास. १९६१ मध्ये ते सुमारे २८ लाख झाले. मधे १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षाभूमी होती. लाखो अडाणी ठरवलेल्या माणसांनी प्रगणकाला सांगितले, लिही, बौद्ध. ती या देशातली एक मोठी सांस्कृतिक क्रांती होती आणि ती जनगणनेच्या तक्त्यात उतरली. पण त्याच रकान्याची किंमतही मोजावी लागली. बौद्ध लिहिणाऱ्यांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळायला १९९० उजाडावे लागले. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध होते, त्यांपैकी ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने येत्या जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे रकान्याचा प्रश्न पुन्हा प्रत्येक दारात येणार आहे.

संमतीचा रकाना हा तर याहून गंभीर विषय. अमेरिकेतल्या ॲरिझोनात ग्रँड कॅन्यनच्या तळाशी हवासुपाई नावाची छोटी आदिवासी जमात राहते. मधुमेहाने लोक हैराण झाले, म्हणून १९९० च्या सुमारास त्यांनी विद्यापीठाच्या संशोधकांना रक्ताचे नमुने दिले. पुढे त्याच नमुन्यांवर स्किझोफ्रेनिया, सगोत्र विवाह आणि जमातीच्या स्थलांतराचे अभ्यास झाले. जमात न्यायालयात गेली. २०१० मध्ये ॲरिझोना स्टेट विद्यापीठाला सात लाख डॉलर द्यावे लागले आणि उरलेले नमुने परत करावे लागले. रक्त तेच होते. ते कशासाठी दिले होते, ही नोंद मात्र रक्ताबरोबर पुढे गेली नाही किंवा कोणी ती मानली नाही.

अशा अनुभवांतून जगभरच्या आदिवासी समूहांनी २०१९ च्या सुमारास 'केअर' नावाची तत्त्वे मांडली : सामूहिक हित, नियंत्रणाचा अधिकार, जबाबदारी आणि नैतिकता. त्याआधी २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी 'फेअर' तत्त्वे मांडली होती. त्यांचा आग्रह होता की माहिती सापडावी, मिळावी, एकमेकींशी जुळावी, पुन्हा वापरता यावी. पहिल्या तत्त्वांना माणूस दिसतो, दुसऱ्यांना डेटा दिसतो. आपल्याला दोन्ही हवे आहे. आपले प्रबंध सापडले पाहिजेत आणि आपल्या वस्त्यांची माहिती आपल्याला न विचारता फिरता कामा नये.

एक आक्षेप येतो, आणि तो आपल्याच लोकांकडून येतो. जात, धर्म, वस्ती असे शब्द नोंदीत आणले तर भेदभाव वाढेल, त्यापेक्षा ते नसलेलेच बरे. यात दोन गोष्टींची गल्लत होते. एखाद्या माणसाची जात उघडी पाडणे वेगळे आणि संशोधनाचा विषय जात आहे हे स्पष्ट लिहिणे वेगळे. मुलाखत देणाऱ्या बाईचे नाव, गाव, फोटो झाकलाच पाहिजे. लहान गावात 'अमुक गावची, अमुक जातीची एकमेव ग्रॅज्युएट मुलगी' एवढे लिहिले तरी नाव लिहिल्यासारखेच आहे. हे भान संशोधकाने ठेवायचे. पण जातीय अत्याचारावरच्या प्रबंधाला 'ग्रामीण समाजजीवन' असा कीवर्ड लावणे यात कोणाचे संरक्षण होते? पीडिताचे तर नाहीच.

ॲट्रॉसिटीच्या केसेसमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना हे लगेच कळेल. फिर्यादीत आरोपीची जात लिहिलेली नाही, एवढ्या कारणावरून गुन्हाच रद्द झाल्याचे प्रकरण महाराष्ट्रात घडले आहे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि अशा उणिवेमुळे गुन्हा रद्द करता येणार नाही, असे सांगितले. एका रिकाम्या रकान्यासाठी पीडिताला दिल्लीपर्यंत जावे लागले. फेलोशिपचेही तेच. बार्टीच्या संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानात कशासाठी बसावे लागले? नोंदणीच्या दिनांकापासून फेलोशिप द्या, ही मागणी होती. एक तारीख, एक रकाना आणि त्यावर पोरांची महिन्यामहिन्याची भाकरी.

म्हणून मित्रांनो, काही साधी कामे आपण हाती घेतली पाहिजेत.

ज्यांचे प्रबंध पूर्ण झाले आहेत त्यांनी आपले शोधगंगेवरचे पान आजच उघडून पाहावे. नावाचे स्पेलिंग, मार्गदर्शकाचे नाव, तारीख, शीर्षक तपासावे. चूक असेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयाला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी, कारण माहिती तिथूनच चढवली जाते. ऑर्किड हा सोळा अंकी ओळख क्रमांक फुकट मिळतो, तो काढून ठेवावा. एकाच नावाचे दहा संशोधक असतात, 'कांबळे' आणि 'गायकवाड' यांना हे वेगळे सांगायला नको.

ज्यांचे प्रबंध चालू आहेत त्यांनी युनिकोडमध्येच टाइप करावे. कीवर्ड टायपिस्टवर सोडू नयेत. देवनागरी आणि इंग्रजी, दोन्हींत द्यावेत आणि व्यक्तीच्या नावाची प्रचलित रूपे सगळी लिहावीत. विषय जातीचा असेल तर जात हा शब्द लिहावा. 'दलित', 'आंबेडकरी', 'बौद्ध' यांपैकी कोणता शब्द, हा वाद आपल्यात जुना आहे आणि तो चालू राहो. कीवर्डच्या रकान्यात मात्र तिन्हींना जागा आहे.

वस्तीत सर्व्हेला येणाऱ्याला पाच प्रश्न विचारावेत. तू कोण? पैसा कोणाचा? आम्हाला कोणत्या गटात लिहिणार? ही माहिती कुठे ठेवणार? पुन्हा दुसऱ्या कामासाठी वापरायची झाली तर आम्हाला विचारणार का? उत्तर नीट मिळाले तर चहा पाजून माहिती द्यावी. नाही मिळाले तर नम्रपणे नकार द्यावा. नकार देण्याचा अधिकार आपल्याला आहे.

आणि प्रत्येक तालुक्यातल्या अभ्यास केंद्राने एक यादी करावी. आपल्या तालुक्यातल्या संशोधकांनी आणि आपल्या तालुक्यावर झालेले प्रबंध, त्यांची खरी शीर्षके देवनागरीत, विषय, वर्ष, कुठे मिळतील ती जागा. एक साधी एक्सेल शीट पुरे. तीन-चार पोरांनी दोन महिने रविवार दिले तर साताऱ्याच्या आणि सांगलीच्या एकेका तालुक्याची यादी उभी राहील. यंत्रे आता आपल्यासाठी उत्तरे लिहू लागली आहेत आणि ती उत्तरे नोंदींतूनच घडतात. ज्याची नोंद नाही तो उत्तरातही नाही.

पिढ्यान् पिढ्या आपली नोंद दुसऱ्यांनी केली, त्यांच्या शब्दांत, त्यांच्या रकान्यात. आता पेन आपल्या हातात आहे. रकाना रिकामा ठेवू नका.

जय भीम!