नव्या टाकीची घाई

मुलीच्या हट्टाखातर काचेची टाकी आणली आणि त्याच संध्याकाळी बारा मासे सोडले. आठवड्यात सात मेले. त्या रात्री पोरगी जेवली नाही. मी दुकानदाराला दोष देत बसलो, पण चूक माझीच होती.

आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या बोडीत मासे सहज जगतात, कारण तिथल्या गाळात माशांची घाण पचविणारे जीवाणू असतात. नव्या टाकीत ते नसतात. विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून अमोनिया साचतो, अन् पाणी मात्र नितळच दिसते! हे जीवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दोन-तीन गप्पीच सोडावेत, खाद्य चिमूटभर द्यावे. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. सगळी टाकी घासून धुतली तर जीवाणूही जातात. (तेही मी केले होते.) नळाचे पाणी क्लोरीन उडण्यासाठी दिवसभर उघडे ठेवावे.

शिवाय आपल्याकडची थंडी. या माशांना साधारण 24 ते 26 अंश ऊब लागते, तेव्हा पौषातल्या रात्री हीटर हवाच. गोल्डफिश मात्र थंड पाण्याचा, त्याला यांच्यात कोंबू नये.

पाच मासे वाचले. आता खाद्याचा डबा मुलीच्याच ताब्यात आहे, मला ती हात लावू देत नाही.