नवापूरवरून मुंबई-दिल्ली विमान सरळ का जात नाही?

उन्हाळ्यात गच्चीवर झोपायची पद्धत आमच्याकडे नवापूरला अजून आहे. दहा वाजून गेले की गाव शांत होतं आणि वर बघत पडलं की थोड्या थोड्या वेळाने एखादा लुकलुकता दिवा उत्तरेकडे सरकताना दिसतो. मागच्या सुट्टीत चुलत भावाने मोबाईलवर फ्लाइटरडार२४ उघडलं आणि एका विमानावर बोट ठेवलं. "दादा, हे मुंबईहून दिल्लीला चाललंय. पण बघ ना, मध्येच वळलं. वरती काय डोंगर आहे का, वळसा घालायला?"

प्रश्न चांगला होता. नकाशावर मुंबई ते दिल्ली पट्टी ठेवून रेघ मारा. साधारण ११४० किलोमीटरची ती रेघ नवापूरच्या आसपासूनच जाते. म्हणजे आपल्या जिल्ह्यात विमानतळ नाही, विमान पकडायचं तर सुरतला जायचं, पण देशातल्या सर्वांत गजबजलेल्या हवाई मार्गांपैकी एक आपल्या डोक्यावर आहे. तरी विमान त्या रेघेवरून जाईलच असं नाही. त्याचं कारण हवेत नाही, जमिनीवरच्या नियमांत आणि सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यावर सध्या मोठं काम चालू आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या महाराष्ट्रात, नागपूरला येऊन पोचतो.

आधी अ‍ॅपचं. फ्लाइटरडार२४ ला विमान कुठे आहे ते कळतं कसं? विमान स्वतःच सांगतं. विमानातला जीपीएस जागा काढतो आणि एडीएस-बी नावाचं यंत्र ती जागा, उंची आणि वेग १०९० मेगाहर्ट्झवर सेकंदाला साधारण दोनदा ओरडून सांगतं. ज्याच्याकडे रिसीव्हर आहे त्याला ते ऐकू येतं. जुन्या रडारचं उलट होतं: जमिनीवरून लहरी सोडायच्या, त्या फिरून येईपर्यंत थांबायचं, आणि अँटेना पूर्ण फिरून परत त्या दिशेला येईपर्यंत तेच चित्र बघत बसायचं.

याचा थेट परिणाम दोन विमानांमधल्या अंतरावर होतो. विमान पडद्यावर नीट दिसत असेल तर दोघांत ५ सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर अंतर पुरतं. दिसतच नसेल, नुसतं पायलटने रेडिओवर सांगितलेल्या वेळेवर विश्वास ठेवायचा असेल, तर दहा मिनिटांचं अंतर ठेवावं लागायचं. ताशी ९०० किलोमीटर वेगाने दहा मिनिटं म्हणजे दीडशे किलोमीटर. एवढ्या जागेत किती विमानं बसली असती ते तुम्हीच मोजा. उंचीचंही तसंच. २००३ च्या नोव्हेंबरपर्यंत भारतात २९ हजार फुटांच्या वर दोन विमानांत उभं अंतर २ हजार फूट ठेवायचे. उंची मोजणारी यंत्रं अचूक झाली, ते १ हजारावर आलं, आणि एकही नवीन विमानतळ न बांधता वरच्या लेन जवळजवळ दुप्पट झाल्या.

आता वळणाचं. पूर्वी विमानं जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांच्या आधाराने उडायची. एका केंद्रावर पोचायचं, मग पुढच्याकडे तोंड वळवायचं. एसटीने गाव घेत घेत जावं तसं. त्यामुळे हवाई मार्ग नागमोडी झाले. आता विमानाला स्वतःची जागा माहीत असते, त्यामुळे केंद्राची गरज उरली नाही, पण जुन्या मार्गांची सवय आणि नकाशे एकदम जात नाहीत.

दुसरं कारण जास्त मोठं आहे: लष्कर. देशाच्या आकाशाचे बरेच तुकडे हवाई दलासाठी राखीव आहेत. मे २०२० मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सांगितलं होतं की नागरी विमानांना भारताचं फक्त ६० टक्के आकाश मोकळेपणाने वापरता येतं, आणि बंधनं सैल केली तर वर्षाला सुमारे १ हजार कोटी रुपये वाचतील. उपाय साधा आहे. शाळेचं मैदान शाळेचंच असतं, पण सुट्टीच्या दिवशी पोरांना क्रिकेट खेळू देतात. तसंच हवाई दलाचा सराव नसेल त्या तासांत तो तुकडा प्रवासी विमानांना खुला करायचा. याला आकाशाचा लवचीक वापर म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं, पण मैदान रिकामं आहे हे पोरांना वेळेवर कळलं पाहिजे ना? सरावाचं वेळापत्रक नागरी नियंत्रकाकडे, तिथून विमान कंपनीच्या उड्डाण आखणाऱ्याकडे, तिथून पायलटकडे, हे सगळं इंधन भरायच्या आधी पोचायला हवं. नाहीतर विमान जास्तीच्या वळशाचं इंधन घेऊनच निघतं आणि मग रस्ता मोकळा झाला तरी अर्धा फायदा गेलेला असतो. ए३२० सारखं विमान उडताना मिनिटाला साधारण ४० किलो इंधन जाळतं. पाच मिनिटं वाचली तर २०० किलो. आपल्याकडे विमान कंपन्यांचा मोठा खर्च इंधनावरच होतो, तेव्हा त्याचा तिकिटाशी संबंध आहेच. तिकीट लगेच स्वस्त होईल असं मात्र मी म्हणणार नाही.

आणि कधीकधी रस्ता मोकळा असूनही पुढे जाऊन काही उपयोग नसतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीवरूनच काम चालतं. गर्दीच्या तासात ४६ उड्डाणं आणि उतरणं मिळून होतात, म्हणजे दर ७८ सेकंदांना एक. सत्तेचाळिसावं विमान आलं की ते हवेत गोल फिरत बसतं. नंदुरबारला मिरचीच्या हंगामात बाजार समितीबाहेर गाड्यांची रांग लागते ती तुम्ही पाहिली असेल. तुमचा नंबर संध्याकाळी लागणार हे सकाळीच कळलं, तर तुम्ही गाडी घरूनच उशिरा काढाल, रांगेत डिझेल जाळणार नाही. विमानांसाठी हेच काम दिल्लीतलं केंद्रीय वाहतूक प्रवाह नियंत्रण करतं. मुंबईत गर्दी दिसली की सुटायच्या विमानाला तिथेच जमिनीवर थांबवायचं. "वरून परवानगी नाही" म्हणून पायलट अर्धा तास उभं ठेवतो तेव्हा आपण चिडतो, पण इंजिन बंद ठेवून जमिनीवर थांबणं हवेत घिरट्या घालण्यापेक्षा केव्हाही बरं.

आता नागपूरकडे येऊ. पण आधी नवापूरचं स्टेशन. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: आमच्या स्टेशनाच्या मधोमध राज्याची सीमा जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांचं ऑफिस गुजरातेत. १ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले आणि फलाटही वाटला गेला. पण गाडीला त्याचा फरक पडत नाही, कारण रूळ आणि सिग्नल एकाच रेल्वेचे आहेत.

आकाशात तसं नाही. भारताचं आकाश मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई अशा चार विभागांत वाटलेलं आहे. हद्द ओलांडली की नियंत्रक बदलतो, रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलते आणि विमान 'तुमच्याकडे देतोय' हा निरोप एका केंद्राच्या कॉम्प्युटरमधून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये जावा लागतो. प्रत्येकाने आपल्या हद्दीपुरता विचार केला की मार्गही तुकड्यातुकड्यांनी आखले जातात. यावर भारतीय विमानतळ प्राधिकरणाने २०२४ मध्ये 'ईशान' नावाची योजना पुढे आणली आणि सविस्तर प्रकल्प अहवाल बनवण्यासाठी इच्छुकांकडून प्रस्ताव मागवले. कल्पना अशी की चारही विभागांचं आकाश जोडून एकसंध करायचं आणि त्याची सूत्रं देशाच्या मध्यावर, नागपूरला ठेवायची.

मला ही कल्पना पटते. पण सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस म्हणून 'सगळं एका ठिकाणी' हे शब्द ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो.

नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात दिल्लीत काय झालं ते आठवा. विमान पडलं नाही, वादळ आलं नाही, रडारही चालू होतं. बंद पडली ती ऑटोमॅटिक मेसेज स्विचिंग सिस्टिम. तिचं काम पोस्टमनचं: विमान कंपनीने पाठवलेला उड्डाणाचा आराखडा उचलायचा आणि नियंत्रकाच्या पडद्यापर्यंत पोचवायचा. पोस्टमन आजारी पडल्यावर नियंत्रकांना ते आराखडे हाताने भरावे लागले आणि ८०० हून जास्त उड्डाणांना उशीर झाला. आकाश रिकामं, विमानं तयार, धावपट्टी मोकळी. नुसता निरोप पोचत नव्हता.

यावर लोक पटकन म्हणतात, "मग बॅकअप ठेवायचा ना." ब्रिटनमध्ये बॅकअप होता. २८ ऑगस्ट २०२३ ला लॉस एंजेलिसहून पॅरिसला जाणाऱ्या एका विमानाचा आराखडा त्यांच्या सिस्टिममध्ये आला. त्यात दोन वेगळ्या ठिकाणांची खूण एकच होती, डीव्हीएल. एक फ्रान्समधलं दोव्हिल, दुसरं अमेरिकेतलं डेव्हिल्स लेक. सॉफ्टवेअर गोंधळलं, आणि चुकीची माहिती नियंत्रकाला देण्यापेक्षा बंद पडलेलं बरं म्हणून थांबलं. इथपर्यंत ठीक. लगेच बॅकअप सुरू झाला, त्याने तोच आराखडा उचलला, तोच कोड चालवला आणि तोही थांबला. सगळा खेळ २० सेकंदांच्या आत. सुमारे ७ लाख प्रवाशांना फटका बसला. पेपरची झेरॉक्स काढली की मूळ पेपरातली चूकही झेरॉक्समध्ये येते, तसंच हे झालं. म्हणून नागपूरच्या योजनेचे तपशील येतील तेव्हा मी इमारतीचा फोटो बघणार नाही. दुसरं केंद्र कुठे आहे, आणि त्यावरचं सॉफ्टवेअर वेगळ्या हातांनी लिहिलेलं आहे का, हे आधी बघेन. वेगळं लिहायचं तर खर्च दुप्पट होतो आणि टेंडरमध्ये तोच भाग सगळ्यात आधी कापला जातो.

दुसरी काळजी जीपीएसची. वर सांगितलेलं एडीएस-बी काय किंवा सरळ मार्ग काय, सगळं त्यावरच उभं आहे. आणि जीपीएसचा सिग्नल इतका क्षीण असतो की जमिनीवरचं एखादं यंत्र त्याला सहज दाबू शकतं किंवा खोटी जागा दाखवू शकतं. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात अमृतसर आणि जम्मूच्या सीमाभागात अशा ४६५ घटना नोंदवल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. नंतर दिल्लीजवळही असा प्रकार झाला. म्हणून जुनी रेडिओ केंद्रं सगळी मोडीत न काढता थोडी चालू ठेवायचं धोरण आहे, आणि ते मला शहाणपणाचं वाटतं.

पण उपग्रहांचाच एक फायदा आपल्यासारख्या भागाला थेट मिळू शकतो. त्याचं नाव गगन. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने मिळून बनवलेली ही यंत्रणा जीपीएसमधली चूक जमिनीवरच्या केंद्रांवर मोजते आणि दुरुस्ती उपग्रहावरून विमानाला पाठवते, शिवाय सिग्नल भरवशाचा नसेल तर तसंही कळवते. कमी दृश्यमानतेत उतरायला मोठ्या विमानतळांवर धावपट्टीशेजारी महागडी यंत्रं बसवलेली असतात. छोट्या विमानतळाला ती परवडत नाहीत, मग ढग खाली आले की उड्डाण रद्द. २८ एप्रिल २०२२ ला राजस्थानातल्या किशनगडला इंडिगोचं एटीआर-७२ गगनच्या आधाराने उतरलं, देशात पहिल्यांदाच. अडचण एवढीच की त्यासाठी विमानातही तसं उपकरण लागतं आणि सगळ्या विमानांत ते नाही. जळगावसारख्या विमानतळावर किंवा उद्या धुळ्याच्या धावपट्टीवर प्रवासी विमान आलंच, तर पावसाळ्यात ते टिकणार की नाही हे बरंचसं यावर ठरेल.

भावाला गच्चीवर यातलं निम्मंच सांगून झालं होतं, तेवढ्यात त्याने पुन्हा मोबाईल पुढे केला. मुंबईकडे उतरणारं एक विमान नकाशावर लंबगोल काढत होतं.

"हे काय करतंय?"

"रांगेत आहे," मी म्हटलं.