बागेतला मोबाईल

आंब्याचा हंगाम जवळ आला म्हणजे रत्नागिरीतील बोलण्याचे विषय ठरलेले असतात. मोहर कितीसा टिकला, तुडतुड्याने किती खाल्ला, वाशीच्या बाजारात पहिली पेटी कोणाची गेली आणि तिला काय दर आला, ह्यांभोवती संभाषण फिरत राहते. गेल्या काही वर्षांत ह्या यादीत एका तक्रारीची भर पडली आहे. गडी कामावर येतो, हजेरी लावतो, पण त्याचे चित्त बागेत नसून हातातल्या मोबाईलमध्ये असते, ही ती तक्रार होय. कोणी म्हणतो, सकाळी आल्याबरोबर सर्वांचे फोन काढून घ्यावेत. कोणी म्हणतो, कामाच्या वेळी फोनवर बोलताना दिसला की अर्धी मजुरी कापावी. अग्रलेख लिहावा एवढा हा विषय मोठा आहे काय, असे काही वाचकांस वाटेल. आम्हांस तो मोठा वाटतो. वर्षाचे उत्पन्न ज्या फळावर अवलंबून आहे ते फळ थोड्या आठवड्यांत उतरविणारे हात आणि त्या हातांना राबविणारा मालक, ह्यांच्यामधील विश्वासाचा हा प्रश्न आहे.

तक्रार निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. हापूस उतरविणे हे नुसत्या अंगमेहनतीचे काम नव्हे, ते कसबाचे काम आहे. फळ चौदा आणे तयार झाले की नाही हे नजरेने ओळखावयाचे, झेला नेमका फळाखाली धरावयाचा, देठ राखून ते तोडावयाचे आणि हलक्या हाताने खाली ठेवावयाचे. देठ मुळापासून तुटला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि देठाकडून फळ कुजू लागते. आदळलेला एक आंबा पेटीत गेला तर तो शेजारच्या फळांनाही बिघडवतो, आणि ही गोष्ट उघडकीस येते ती मुंबईच्या गिऱ्हाईकाच्या घरी, पेटी उघडल्यावर. शिवाय ऊन चढण्यापूर्वी तोडणी आटोपावयाची असते. सकाळचे दोन-तीन तास वाया गेले की ते गेलेच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने देठासह फळ काढणारा ‘नूतन’ झेला तयार करून दिला. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु झेला धरणाऱ्या हाताचे लक्षच दुसरीकडे असेल, तर सुधारलेले अवजार आणि मानांकनाचा कागद ही दोन्ही मिळूनही फळ वाचवू शकत नाहीत.

नुकसान फळापुरतेच असते तरी एक वेळ चालले असते. जुनी कलमे उंच वाढलेली असतात. फांदीवर उभा असलेला माणूस खिशातला फोन वाजला म्हणून एक हात सोडतो, तेव्हा तो मालकाचा वेळ नव्हे, स्वतःचा जीव पणाला लावीत असतो. गवत कापण्याचे यंत्र चालू असताना नजर पडद्याकडे वळली तर पाय कोठे आहे ह्याचे भान राहत नाही. फवारणीचे तर विचारूच नये. औषध लागलेल्या हाताने फोन उचलावयाचा, तो गालाला लावावयाचा, आणि संध्याकाळी तोच फोन घरी मुलाच्या हाती खेळावयास द्यावयाचा! २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या अनर्थाची कारणे अनेक होती आणि मोबाईलचा त्यांच्याशी संबंध नव्हता. पण फवारणीचे विष अंगावर घेण्याची किंमत काय असते, हे त्या वर्षाने महाराष्ट्राला दाखविले आहे. तेव्हा झाडावर, यंत्रापाशी आणि पंपापाशी असताना मजुराने फोन हाती घेऊ नये, ह्याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही.

मात्र येथून पुढे आमचा आणि सरसकट बंदी मागणाऱ्यांचा मार्ग वेगळा होतो. ज्यांच्या फोनवर बंदी घालावयाची ते लोक कोण आहेत, ह्याचा विचार बंदी मागताना कोणी करताना दिसत नाही. आज आमच्या अनेक बागांची राखण नेपाळातून आलेले गुरखे करतात. हंगामाआधी येतात, बागेतल्या खोपीत राहतात, रात्री जागून माकडे आणि चोर ह्यांपासून फळ राखतात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. घर आणि त्यांच्यामध्ये शेकडो कोस असतात. मध्ये काही धागा असेल तर तो खिशातल्या यंत्राचा. २५ एप्रिल २०१५ रोजी, म्हणजे आमच्या ऐन हंगामात, नेपाळात प्रचंड भूकंप झाला आणि सुमारे नऊ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या दिवशी रत्नागिरीच्या बागेत असलेल्या नेपाळी माणसाने ‘कामाची वेळ आहे’ म्हणून फोन बंद ठेवावयास हवा होता, असे कोणता बागायतदार छातीला हात लावून म्हणेल? त्याच देशात सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब यांसह सव्वीस समाजमाध्यमे एकदम बंद केली. ८ सप्टेंबरच्या निदर्शनांत तरुण माणसे मेली आणि दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान के. पी. शर्मा ओली ह्यांना पायउतार व्हावे लागले. उद्रेकाचे मूळ भ्रष्टाचाराविषयीच्या साचलेल्या संतापात होते हे खरे. परंतु ठिणगी पडली ती बंदीने. राज्य आणि बाग ह्यांची तुलना आम्ही करू इच्छीत नाही. माणसांना एकमेकांपासून तोडणारा हुकूम सोपा दिसतो आणि महाग पडतो, एवढेच आम्हांस सुचवावयाचे आहे.

आणि हे रत्नागिरीकरास समजावून सांगण्याची पाळी यावी, ह्याचे आम्हांस नवल वाटते. एकेकाळी ह्याच जिल्ह्यातील तरुण मुंबईच्या गिरण्यांत राबावयास जात. दहा बाय दहाच्या खोलीत दाटीने राहत, खानावळीत जेवत आणि पोस्टमनच्या हातच्या मनिऑर्डरीवर गावाकडची चूल पेटती ठेवीत. घरच्या पत्राची वाट पाहणे म्हणजे काय, हे कोकणातल्या घराघराला ठाऊक आहे. काळ फिरला. आता परमुलखातील माणूस आमच्या दारी राबावयास आला आहे आणि आम्ही मालकाच्या जागी आहोत. परदेशी राबणाऱ्या मुलाचे दुःख जाणणाऱ्या घरांनी दुसऱ्याच्या मुलाचे पत्र अडवू नये. मग ते पत्र कागदावर येवो की काचेवर.

फोन हे केवळ करमणुकीचे साधन आहे, हा समजही बागेत टिकत नाही. कोकणातील रानात साप आणि विंचू नवे नाहीत. विंचूदंशाने माणसे मरत असत, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी आपल्या संशोधनाने ते मृत्यू पुष्कळ कमी करून दाखविले. परंतु कोणताही उपचार रुग्ण वेळेवर पोहोचला तरच लागू पडतो. २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविता येते; मात्र बागेतील सगळे फोन पडवीतल्या कपाटात कुलूपबंद असतील तर ती बोलाविणार कोण? पावसाच्या तोंडावर वीज पडण्याची भीती असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ हे ॲप तयार केले, ते उघड्यावर राबणाऱ्या माणसासाठीच. आणि रात्रभर एकटा जागणाऱ्या राखणदाराचा फोन काढून घेणे म्हणजे त्याची काठी काढून घेण्यासारखेच आहे.

ह्या तक्रारीत आणखी एक गोम आहे. ३१ जुलै १९९५ रोजी भारतात मोबाईलवर पहिले संभाषण झाले ते ज्योती बसू आणि केंद्रीय मंत्री सुखराम ह्यांच्यात. मुख्यमंत्री आणि मंत्री ह्यांच्या हातातले ते यंत्र तीन दशकांत कातळावर गवत काढणाऱ्या मजुराच्या खिशात आले. आमच्या रागातला काही भाग वेळ वाया गेल्याचा असतो. काही भाग मात्र ‘ह्याच्याही हातात?’ ह्या भावनेचा असतो, हे आपण मान्य करावे. कारण तोच फोन आम्हांला हवा असतो तेव्हा तो अवजार ठरतो. रत्नागिरीत किंवा मुंबईत बसून बाग चालविणारा मालक रात्री नऊ वाजता गड्याला फोन करतो, पाण्याची टाकी भरली का विचारतो, मोहराचे छायाचित्र मागवितो, पहाटे टेम्पो येणार असल्याचे कळवितो. फोन मजुराचा, त्याचे पैसे मजुराचे, काम मालकाचे! सरकारही मागे नाही. १ जानेवारी २०२३ पासून ग्रामीण रोजगार हमीच्या कामांवर मजुरांची हजेरी मोबाईलवरील छायाचित्रांनी दिवसातून दोनदा घेणे सक्तीचे करण्यात आले. हवा तेव्हा अवजार आणि नको तेव्हा व्यसन, असा दुहेरी न्याय कोणत्याही शहाण्या मजुराच्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही.

ह्यावर बागायतदार विचारील, आणि त्याला विचारण्याचा हक्क आहे, की सावलीत बसून तासन्‌ तास चित्रफिती पाहणाऱ्याचे काय करावे? आमचे उत्तर असे की, काम पाहावे, खिसा पाहू नये. ज्यांनी वर्ग चालविला आहे त्यांस ठाऊक आहे, की दप्तरे तपासल्याने कोणाचे लक्ष धड्याकडे लागत नाही. धडा कोठून कोठवर आणि मधली सुट्टी केव्हा, हे स्पष्ट असले म्हणजे लागते. सकाळी कोणती कलमे उतरावयाची, किती क्रेट भरावयाचे, हे ठरवून सांगितले आणि ते झाले नाही, तर त्याचा जाब जरूर विचारावा. कारण फोन असो, विडी असो की गप्पा असोत, हिशेब कामाचा व्हावा. फोन नव्हते तेव्हा बागेत कामचुकार नव्हते, असे कोणी शपथेवर सांगू शकेल काय?

तेव्हा नियम असावा, पण तो माणसावर नव्हे, कामावर बेतलेला असावा. झाडावर, यंत्रावर आणि फवारणीवर असताना फोन जवळ नको. तो मजुराने स्वतः सावलीत ठेवलेल्या पेटीत ठेवावा आणि खाली उतरल्यावर, हात साबणाने धुऊन, स्वतःच घ्यावा. ह्या काळात घरून तातडीचा निरोप आल्यास तो पोहोचावा म्हणून आंबे भरण्याच्या पडवीतील एक फोन सदैव चालू असावा, त्याचा क्रमांक प्रत्येक मजुराच्या घरी असावा, आणि निरोप ताबडतोब झाडाखाली नेण्याची जबाबदारी मुकादमाची असावी. तुकडीतील खाली काम करणाऱ्या एकाजवळ फोन राहावा, अपघातासाठी. दुपारची सुट्टी मात्र पूर्णपणे मजुराची असावी. त्या वेळी तो घरी बोलो, गाणे ऐको किंवा झोपो. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या वतीने ज्या मागण्या मांडल्या त्यांत दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीची मागणी होती. त्या अर्ध्या तासाचा अर्थ हाच, की तेवढा काळ माणूस कोणाचा नोकर नसतो. शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची अट ही, की नियम मालकालाही लागू असावा. त्याने काम सुटल्यावर निकडीवाचून गड्याला फोन करू नये. कामासाठी मजुराचा फोन वापरावयाचा तर त्याच्या रिचार्जचे पैसे आपण द्यावे. आणि झाडावर चढलेल्या माणसाला स्वतःच फोन करून ‘किती झाले?’ असे विचारू नये.

ह्यासाठी कायदा नको, खर्चही फारसा नको. हंगामाच्या पहिल्या दिवशी मालक, मुकादम आणि मजूर ह्यांनी एकत्र बसून, मजुरांना समजेल त्या भाषेत, हे चार नियम ठरविले तरी पुरे. मजूर मिळत नाहीत अशी ओरड करणाऱ्या जिल्ह्याला, मिळालेले मजूर हुकूम सोडून हातचे घालविणे परवडणारे नाही. आमच्या वाचकांपैकी अनेकांची गावाकडे बाग आहे आणि तिचा कारभार ते शहरातून फोनवरच पाहतात. त्यांनी ह्या वर्षी गड्याच्या फोनविषयी नियम करण्यापूर्वी आपल्या फोनविषयी एक नियम करावा आणि तो पाळून दाखवावा. मग गड्याकडून त्याचा नियम पाळला जाण्याची अपेक्षा करण्याचा अधिकार त्यांना आपोआप प्राप्त होईल.