बाळाची झोप कोणाच्या जिवावर?

बाळाची दुपारची झोप हा काय चळवळीच्या अंकात लिहायचा विषय झाला, असं एका मैत्रिणीने मला विचारलं. हुंडा, मारझोड, पोटगी, रेशन हे आपले विषय. झोपेचं काय ते घरातल्या आज्या बघून घेतील, असं तिचं म्हणणं. मला ते पटलं नाही. दहिसरच्या वस्त्यांमध्ये काम करताना मी रोज पाहते, की तान्ह्या मुलाच्या आईची नोकरी, तिची स्वतःची विश्रांती, थोरल्या मुलीची शाळा आणि आपल्या मंडळाच्या बैठकीची हजेरी, हे सगळं त्या दोन-तीन तासांच्या झोपेला बांधलेलं असतं. एवढं ज्याच्यावर अवलंबून आहे, तो विषय खाजगी कसा?

बाळंतपणानंतर जवळजवळ प्रत्येकीला एक सल्ला मिळतो: बाळ झोपेल तेव्हा तूही झोपून घे. सल्ला चांगलाच आहे. पण तो देणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं, की पाणी, धुणं आणि स्वयंपाक दुसरं कोणीतरी बघतंय. पूर्वेला केतकीपाड्याच्या चढावर किंवा पश्चिमेला लिंक रोडच्या कडेला गणपत पाटील नगरमध्ये असं दुसरं कोणी बहुतेक घरांत नसतं. एकच खोली, तिच्यातच मोरी, तिथेच गॅस, तिथेच बाळाची झोळी. बाळाचा डोळा लागला की बाई भांडी घासायला बसते, तीही आवाज न करता. कुकरच्या शिट्टीने बाळ दचकेल म्हणून डाळ आधीच शिजवून ठेवायची. पाणी आलं की शेजारणीला खोलीत बसवून हंडा घेऊन धावायचं. सगळं आवरून ती जरा टेकते, तोवर बाळ जागं झालेलं असतं. आणि संध्याकाळी ऐकायला मिळतं, "दिवसभर घरीच तर होतीस!"

इमारतीतल्या बहिणीची गोष्ट फार वेगळी नाही. तिला वेगळी खोली असते, पण घरून नोकरी करणारी असली तर साहेबांचा फोन आणि बाळाची झोप एकाच वेळी सांभाळायची असते. "बाळ झोपलं की बाई मोकळी" हे दोन्हीकडे खोटंच. बाळ झोपलेलं असतं तेव्हा बाई पहाऱ्यावर असते आणि हात कामात असतात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रियांनी घरातल्यांची देखभाल केल्याची नोंद आहे, पुरुषांपैकी २१ टक्क्यांनी. ज्यांनी हे काम केलं, त्यांतल्या स्त्रियांचा दिवसाला सुमारे १४० मिनिटं वेळ त्यात गेला आणि पुरुषांचा ७४ मिनिटं. घरकाम यात धरलेलंच नाही, त्याचा हिशेब निराळा.

बाळ कसं झोपतं

हक्कांच्या गोष्टी करताना साधी माहितीही आपल्या हातात असली पाहिजे, कारण ती नसली की आईवरच ठपका येतो: "तुला झोपवताच येत नाही."

पहिले तीन महिने बाळ दिवसरात्र मिळून १४ ते १७ तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यांनी. दिवस आणि रात्र यांतला फरक त्याला अजून कळत नसतो. चार महिन्यांपासून वर्षाचं होईपर्यंत १२ ते १६ तास आणि पुढच्या वर्षी ११ ते १४ तास झोप लागते, दिवसाची झोप धरून. हे आकडे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेले आहेत. सहा महिन्यांच्या सुमाराला बाळ दिवसात दोन-तीनदा झोपतं, वर्षाचं झालं की साधारण दोनदा आणि दीड वर्षाच्या आसपास एकदाच. प्रत्येक मूल वेगळं, म्हणून शेजारणीच्या बाळाशी तुलना करू नये.

अर्ध्यापाऊण तासाने बाळ चुळबुळ करतं, कारण तान्ह्यांच्या झोपेचं एक आवर्तन तेवढंच असतं. लगेच उचललं नाही, नुसता हात ठेवला, तर पुष्कळदा ते परत झोपतं. डोळे चोळणं, जांभई, कान ओढणं, नजर फिरवणं या खुणा दिसल्या की झोपवावं. ती वेळ टळली की बाळ थकून चिडतं आणि मग तासभर आरडाओरडा. सकाळी उजेडात न्यावं, दुपारी ओढणी टांगून कोपरा अंधारा करावा, रोज तेच गाणं, तेच थोपटणं ठेवावं. पंख्याच्या एकसारख्या आवाजाने बाळ सहसा उठत नाही; अचानक झालेल्या आवाजाने उठतं. बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट अंथरुणावर निजवावं. तोंडाजवळ उशी किंवा मऊ गोधडी नको. झोळीत निजवलं तर हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडत नाही ना, हे कोणीतरी पाहत राहिलं पाहिजे.

एवढं वाचून लक्षात येईल, की यातलं अंगावर पाजणं सोडलं तर एकही काम असं नाही, जे बापाला, आजोबांना किंवा काकाला जमणार नाही. थोपटायला बाईचाच हात लागतो असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. पण दुसरा हात नसतो तेव्हा काय होतं, हे या मुंबईनेच पाहिलेलं आहे.

गिरणगावातली बाळागोळी

शंभर वर्षांपूर्वी परळ-लालबागच्या गिरण्यांत हजारो बायका दिवसाचे दहा-दहा तास राबत होत्या. तान्ह्या मुलांना सांभाळायला चाळीत एखादी म्हातारी, नाहीतर सहा-सात वर्षांची बहीण. मूल दिवसभर झोपून राहावं म्हणून त्याला अफूची गोळी द्यायचे. तिला नावही लाडकं होतं, बाळागोळी. कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या डॉक्टर बार्न्स बाईंनी १९२२ साली नोंदवलं, की गिरणीकामगार स्त्रियांच्या १०० बाळांपैकी ९८ बाळांना अफू दिली जाते. विलायतेतही याआधी हेच घडलं होतं. तिथल्या गिरण्यांच्या गावांत मुलांना 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचं अफूमिश्रित औषध पाजत असत.

त्या बायकांना अडाणी म्हणणं फार सोपं आहे. पण ९८ घरांत एकच गोष्ट घडते, तेव्हा ती अडाणीपणाने घडत नाही. पाळी चुकली तर मजुरी बुडणार, मूल खात्यात नेता येणार नाही आणि ठेवायला जागा नाही. त्या हिशेबात बाळाची झोप गिरणीच्या भोंग्याला जुळवायची, तर गोळीशिवाय दुसरा उपाय मालकाने आणि सरकारने त्यांच्यापुढे ठेवलाच नव्हता.

१९२९ साली मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा झाला. आदल्या वर्षी त्या विधेयकाच्या बाजूने बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदेमंडळात मांडलं होतं, की आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि म्हणून तिचा बराचसा भार सरकारने उचलायला हवा. प्रश्न त्यांनी नेमका पकडला होता: खर्च कोणाचा?

गोळी गेली, बाटली आली

अफूची गोळी गेली म्हणून आपण निश्चिंत राहावं अशी स्थिती नाही. वस्तीत मला अजून ऐकू येतं, "थोडं सर्दीचं औषध पाजलं की दुपारभर शांत असतं." कुठे घुटीत जायफळाचे दोन वेढे जास्त दिले जातात. सर्दीच्या कित्येक औषधांत गुंगी आणणारे घटक असतात, आणि तान्ह्याच्या श्वासावर त्यांचा परिणाम होऊ शकतो. अशा एका नेहमीच्या मिश्रणावर "चार वर्षांखालील मुलांना देऊ नये" असा इशारा छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला खोकल्याच्या विषारी औषधाने लहान मुलं दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने कळवलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊच नयेत. ही गोष्ट प्रत्येक बैठकीत सांगितली पाहिजे. पण सांगून थांबलो, तर आपणही "अडाणी आई" म्हणणाऱ्यांच्याच रांगेत बसतो. बाटली का उघडली जाते, हेही विचारायला हवं.

औषध न देणाऱ्या घरात दुसरा उपाय असतो, थोरली मुलगी. आई चार घरची कामं करायला जाते आणि दहा वर्षांची ताई शाळा बुडवून झोळी हलवत बसते. आठवड्यातून दोन दिवस, मग चार, मग नाव पटावर नुसतंच. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला, पण झोळीची दोरी धरायला दुसरं कोणी आलं नाही, तर ही मुलगी वर्गात पोचणार कशी? भावाच्या हातात ती दोरी सहसा दिली जात नाही, हेही आपण सगळ्याजणी जाणतो.

पाळणाघर कुठे आहे?

कायदे झाले नाहीत असं नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासपेक्षा जास्त बायका असतील तिथे पाळणाघराची सक्ती केली, १९७६ साली ही मर्यादा तीसवर आणली. पण बायका मोजून सक्ती केली, की मालक बायकाच कमी घेतो. २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीने ५० कामगार, मग ते बाई असोत की पुरुष, असा निकष लावला आणि आईला दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन येण्याचा हक्क दिला. हीच तरतूद पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली. पाऊल पुढचं आहे. पण चार भेटी आईलाच, बापाला एकही नाही. आणि दहिसरच्या घरकामगार, पापड लाटणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, छोट्या गाळ्यात शिलाई करणाऱ्या बायकांना पन्नास सहकारी आणायचे कुठून?

एकात्मिक बालविकास योजना १९७५ पासून आहे. पण अंगणवाडी दिवसाचे काही तासच चालते, आणि तीन वर्षांखालच्या मुलांना दिवसभर सांभाळणं हे तिचं काम कधी नव्हतंच. २०२२ पासून केंद्राने 'पाळणा' योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर काढायचं ठरवलं, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. दिशा बरोबर आहे. मात्र पाळणाघराचे तास ठरवताना मुंबईचं घड्याळ पाहावं लागेल. दहिसरहून चर्चगेटला धीम्या गाडीने तासाहून जास्त लागतो. १९९२ साली बायकांची खास लोकल सुरू झाली, २०२३ साली मेट्रो अंधेरीपर्यंत पोचली, पण आठ तासांची नोकरी आणि दोन-तीन तासांचा प्रवास धरला तर बाई दहा-अकरा तास घराबाहेर असते. त्याआधी बंद होणारं पाळणाघर तिच्या काय कामाचं?

हे जमतं, याचा पुरावा आपल्या शहरात आहे. मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत बांधकामावरच्या मजूर बायकांच्या मुलांसाठी 'मोबाईल क्रेशेस' सुरू केलं, १९७२ साली ते मुंबईत आलं. जिथे इमारत उभी राहते तिथेच मुलांना खायला, खेळायला आणि झोपायला जागा. सिमेंटच्या धुळीतल्या साइटवर जे होऊ शकतं, ते आपल्या वॉर्डात का होऊ नये?

मैत्रिणींनो, तीन गोष्टी आपण मनावर घ्याव्यात.

पहिली घरातली. दिवसातली एक झोप बापाने किंवा घरातल्या दुसऱ्या पुरुषाने सांभाळायची. रात्रपाळीचा नवरा दुपारी घरी असतो, इतरांना निदान रविवार आहे. "मदत करतो" असं म्हणू नये, ते त्याचं कामच आहे.

दुसरी मंडळातली. बैठक दुपारी तीनला ठेवायची आणि तान्ह्या मुलांच्या आया आल्या नाहीत म्हणून कुरकुरायचं, हे बंद करू. बैठकीच्या जागी एक कोपरा, दोन सतरंज्या आणि मुलांजवळ बसायला आळीपाळीने कार्यकर्ते ठेवू, त्यांत पुरुष कार्यकर्तेही. आपल्याच वस्तीत घरगुती पाळणाघर चालवणाऱ्या मावश्यांनाही बोलावू. दहा मुलं एकटीने सांभाळायची आणि महिन्याकाठी तुटपुंजे पैसे, ही त्यांचीही पिळवणूक आहे.

तिसरी सरकारदरबारची. महापालिका आणि महिला-बालविकास खात्याकडे जाताना "पाळणाघर द्या" एवढंच मोघम मागू नये. निवेदनात लिहावं: वस्तीपासून चालत जाता येईल अशी जागा, सकाळी आठ ते रात्री आठ, हवेशीर निजायची खोली, पुरेशा प्रशिक्षित बायका आणि त्यांना किमान वेतन, खर्च सरकारचा आणि मालकांचा. जुन्या चाळी आणि झोपड्या पाडून टॉवर उठत आहेत. नव्या इमारतीत मोटारींना जागा मिळते, मग पाळणाघराला एक खोली का नाही, हे पुनर्विकासाच्या प्रत्येक सभेत आपण विचारलं पाहिजे.

बार्न्स बाईंच्या अहवालाला शंभर वर्षं उलटून गेली. तेव्हा बाळाला गिरणीच्या वेळेप्रमाणे झोपवत होते. आता कामाच्या वेळा, प्रवासाचे तास आणि शहराची आखणी बाळाच्या झोपेकडे बघून ठरवा, एवढी मागणी आपण करायलाच हवी.